दोनदा विचारणारे सर

कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटल्या भेटल्या सर विचारायचे, "चहा झाला का, अक्का?" आपण "झाला सर" म्हणून पुढे जायचं. वर्गाच्या दारापाशी पोचतोय तोवर मागून परत तेच, "चहा झाला का?" नव्या मुलींना वाटायचं, सरांना विसरायचा आजार आहे. एकदोघींनी तर माझ्याकडे हळूच चौकशीही केली, की सरांनी एखाद्या डॉक्टरला दाखवलंय का म्हणून. आम्ही सगळ्या नर्सा, समोरच्या माणसात आजार शोधायची सवय जात नाही. मी त्यांना सांगायचे, बायांनो, विसरणारा माणूस वेगळा. ह्यांना तुमचं पहिलं उत्तर आवाजासकट लक्षात असतं, म्हणून तर ते परत विचारतात.

"पयलं उत्तर तोंड देतंय," सर म्हणायचे. "माणूस बोलतोय ते दुसऱ्या बारीला."

सर आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. नर्सिंगच्या एम.एस्सी.ला हा विषय असतो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, आणि आतल्यांना तो नको असतो. मी बरीच वर्षं वॉर्डात काढून, स्टडी लीव्ह घेऊन शिकायला आले होते. सलाईन डोळे मिटून लावीन, पण सरासरीच्या पुढचं गणित आलं की माझे हातपाय गार पडायचे. सर मात्र आकड्यांबद्दल भावकीतल्या माणसांसारखं बोलायचे. हा जरा तापट आहे, ह्याचं त्याच्याशी पटत नाही, हा नुसता गप्प बसून सगळ्यांना खाली ओढतो. ऐकता ऐकता भीती जायची. गणित येत होतं असं नाही, पण भीती जायची.

त्यांचं गाव नृसिंहवाडीच्या अलीकडे. जैन शेतकऱ्यांचं घर, नदीकाठची काळी जमीन, भाऊ शेती बघायचे. त्या बाजूला मराठी आणि कानडी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे सरांना जगातली प्रत्येक बाई 'अक्का', म्हणजे थोरली बहीण. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी अक्का. झाडलोट करणाऱ्या मावशी अक्का आणि प्राचार्य मॅडमही अक्काच. मॅडमना ते आवडत नाही असं कुणीतरी सरांच्या कानावर घातलं. सर सरळ केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "अक्का म्हटलेलं आवडत न्हाय का?" मॅडम म्हणाल्या, न आवडण्यासारखं काय आहे त्यात. सर दारापर्यंत जाऊन परत आले, परत विचारलं. परत तेच उत्तर आलं. झालं, पुढे आयुष्यभर त्या अक्का राहिल्या.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नेम. थंडीच्या दिवसांत मीटिंग लांबली की सरांचं लक्ष खिडकीकडे लागायचं. मग कुणी काही बोलत असो, ते शांतपणे डबा उघडायचे. ज्वारीची भाकरी, एखादी डाळ आणि शेंगदाण्याची चटणी. तिच्यात लसूण नसायचा, तरी आम्ही ती पळवायचो. डबा घरून त्यांच्या पत्नी द्यायच्या. त्या आमच्याच पेशातल्या, जन्मभर सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. आम्हाला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की चटणी छान करतात.

एकदा कॉलेजच्या कामासाठी आम्ही चौघी-पाच जणी आणि सर एस.टी.नं वाडीला निघालो होतो. स्टँडवर सरांनी कंडक्टरला विचारलं, गाडी वाडीला जाते का. तो तिकिटाच्या यंत्रात डोकं घालून "जाती" म्हणाला. आम्ही चढायला लागलो, तर सर खालीच उभे. परत विचारलं. कंडक्टर वैतागला.

"सांगितलं न्हवं आत्ता, पावणं?"

"सांगितलासा की. पण मघाशी तुम्ही माझ्याकडं बघितला नव्हतासा."

कंडक्टरनं मान वर केली. सरांकडे बघितलं, मग आमच्या पिशव्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "जाती वो, पण पुढं रस्त्याचं काम चाललंय. फाट्यावर उतरून चालाय लागंल." आम्ही खाली उतरलो आणि दुसऱ्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीनं गेलो. सर वाटेत त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मिरवायची सवय त्यांना नव्हती, आणि ती उणीव आम्ही भरून काढली. तो कंडक्टर आम्ही वर्षभर पुरवला.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्या वर्गात कोडोलीची एक मुलगी होती. बडबडी, सगळ्यांची नक्कल करणारी. एके दिवशी तास सुरू व्हायच्या आधी सरांनी तिला विचारलं, "बरी हाईस का, अक्का?" "एकदम मजेत सर," ती म्हणाली, आणि ते खरंच वाटलं आम्हाला. तास संपला. सर खडूचे हात झटकत तिच्या बाकाशी आले. "बरी हाईस का?" आणि ती मुलगी सगळ्यांसमोर रडायला लागली. वडलांना आदल्या दिवशी दवाखान्यात दाखल केलं होतं आणि परीक्षा जवळ आली म्हणून घरच्यांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. शेजारी बसून आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही नर्सा, बरं का. सरांनी तिला त्याच दिवशी गाडीत बसवून दिलं.

त्यांचं मनगटी घड्याळ नेहमी पुढे असायचं. कधी मागे नाही, कधी बरोबर नाही, रोज तेवढंच पुढे. ते घड्याळ हेच त्यांच्या विषयाचं पहिलं प्रकरण. वर्गात हात वर करून विचारायचे, "हे घड्याळ भरवशाचं हाय का न्हाय?" आम्ही सगळ्या "नाही" म्हणून ओरडायचो. "का न्हाय? रोज तेवढंच पुढं असतंय. माझी गाडी ह्याच्या जिवावर कधी चुकली न्हाय. भरवशाचं हाय. खरं मात्र न्हाय. भरवसा येगळा आणि खरं येगळं, एवढं ध्यानात आलं तर माझा अर्धा पगार फिटला." नीट करून का घेत नाही असं विचारलं की म्हणायचे, मग शिकवू कशावर?

हे घड्याळाचं प्रकरण मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं ह्यातलं अंतर मला माझ्या थिसिसनं दाखवलं.

विषय मी मुद्दाम सोपा घेतला होता. झोपेच्या तक्रारींवरची एक इंग्रजी प्रश्नावली होती. ती मराठीत आणायची, आणि नर्सांच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवता येतो का ते तपासायचं. पद्धत अशी, की प्रत्येक सिस्टरनं ती एकदा भरायची आणि पंधरवड्यानं परत भरायची. एवढ्या दिवसांत कुणाची झोप काही उलटीपालटी होत नाही, म्हणजे दोन्ही वेळची उत्तरं साधारण जुळायला हवीत. जुळली तर प्रश्नावली भरवशाची. सर ह्या विषयावर भलतेच खूश होते. साहजिक आहे, दोनदा विचारायचं होतं.

मला मात्र हे सगळं ज्ञानासाठी नको होतं. आमच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरची एक जागा निघाली होती. ट्यूटर म्हणजे दिवसाची नोकरी, नाइट कायमची बंद. अर्जासोबत थिसिस सादर केल्याची पावती लागणार होती आणि तारीख ठरलेली होती. माझी मुलगी पहिलीत गेली होती. माझ्या नाइटच्या आठवड्यात ती शेजारच्या काकूंच्या हातची वेणी घालून शाळेत जायची, आणि काकू वेणी सैल घालायच्या. मला माझ्या मुलीची वेणी घालायची होती. माझ्या संशोधनाचा उद्देश विचाराल तर तेवढाच.

भाषांतरापासूनच सरांनी मला घोळात घातलं. मी ऐटीत 'निद्रानाश' असा शब्द वापरला होता. सरांनी तो कोडोलीच्या मुलीला वाचायला दिला आणि विचारलं, तुला आहे का हे? ती म्हणाली, "न्हाय सर, मला निद्रानाश न्हाय. मला नुसती झोप येत न्हाय." झालं, शब्द खोडला. मग 'झोप लागायला त्रास होतो का' असा प्रश्न केला आणि तो घेऊन आम्ही माझ्या जुन्या वॉर्डात गेलो. तिथल्या इनचार्ज सिस्टर म्हणजे वॉर्डाची आई आणि फौजदार, दोन्ही. आवाज असा की पहिल्या मजल्यावर बोलल्या तर तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट सरळ उठून बसेल. त्यांनी प्रश्न वाचला आणि म्हणाल्या, "आमाला झोप लागाय त्रास न्हाय. झोपू देत न्हाईत, त्याचा त्रास हाय. नाइट करून घरात पाय टाकतोय न टाकतोय तवर गॅसवाला येतोय, मग भिशीवाली, मग सासूचं गुडघं. हे तुमच्या कागदात कुठं बसतंय?" आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'टाकतोय' असं पुरुषासारखंच बोलतात. सर इतके खूश झाले की त्यांनी सिस्टरना हात जोडले. प्रश्नावलीच्या वरती आम्ही एक ओळ घातली, की निवांत अंथरुणावर पडायला मिळाल्यावर काय होतं ते सांगा.

पहिली फेरी पार पडली. पंधरवडा गेला, दुसरी फेरी झाली. इनचार्ज सिस्टरनी सगळे कागद स्वतः गोळा करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून माझ्या हातात दिले. मी दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी मांडली आणि मला आनंदानं काही सुचेना. सगळी जुळली होती. जवळपास नव्हे, सगळी. एवढी विश्वासार्ह प्रश्नावली जगात कुणाला मिळाली नसेल. मी पेढे घेऊन सरांकडे गेले.

सरांनी पेढा हातात धरला आणि कागद बघत राहिले. पेढा तसाच.

"अक्का, ह्या पंधरा दिवसांत कुणाचं पोर आजारी पडलं न्हाय?"

"पडलं असेल सर."

"कुणाची पाळी बदलली न्हाय? कुणाच्या घरात लग्न न्हाय, भांडण न्हाय, ढेकूण न्हाईत?"

"सर, तुम्हीच म्हणाला होता उत्तरं जुळायला पाहिजेत."

"जुळाय पायजेत. चिकटाय न्हाय पायजेत," असं म्हणून त्यांनी पेढा परत खोक्यात ठेवला. त्या पेढ्याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्ही वॉर्डात गेलो. इनचार्ज सिस्टरनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

"पोरीचं वरीस वाया जाऊ ने म्हणून केलं की, सर. पयल्या खेपेच्या कागदांचं फोटो मी मोबाइलात काढून ठेवलं हुतं. दुसऱ्या बारीला जिचा तिला दाखवला. म्हटलं, बघा आणि भरा. ओव्हर देताना सामान जुळाय लागतंय का न्हाय? तसंच हे."

हे नर्सशिवाय कुणाला समजणार नाही. एक पाळी संपून दुसरी येते तेव्हा वॉर्डाचा ताबा द्यायचा असतो, त्याला आम्ही 'ओव्हर' म्हणतो. कात्र्या, थर्मामीटर, चादरी, सगळं मोजून द्यायचं आणि मागच्या पाळीनं लिहिलंय त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. एक चिमटा कमी निघाला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. पहिल्या वर्षापासून हे अंगात भिनतं. जुळलं म्हणजे बरोबर, नाही जुळलं म्हणजे कुणाची तरी चूक. सिस्टरनी माझ्यावरच्या मायेनं आपल्या सगळ्या मुलींच्या झोपेचा ओव्हर चोख जुळवून दिला होता.

सर रागावले नाहीत. स्टुलावर बसले. "सामानाचं बरोबर हाय तुमचं, अक्का. सकाळची कात्री सांजच्याला बी कात्रीच असती. माणूस तसा असतोय का?"

"आमचं तसंच असतंय सर," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या घरात बी सिस्टरच हायत की. त्यास्नी विचारा."

"तिला काय विचारायचं? ती पडली की झोपती. रोज सकाळी मी विचारतो, झोप लागली का. एवढी वर्षं झाली लग्नाला, रोज एकच उत्तर. लागली."

इनचार्ज सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. सर बोलून मोकळे झाले होते, आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर म्हणाले, दोन्ही फेऱ्या परत घ्यायच्या. मी तारखेची आठवण केली. "पळापळ केलीस तर जमतंय," म्हणाले. आणि नाही जमलं तर? ते जिना उतरायला लागले. मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला. ते दोनदा विचारणं, ते घड्याळ, ती अक्का, सगळ्याचाच तिटकारा आला. ज्याला अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागते त्याला दुसऱ्याच्या नाइटची काय किंमत, असं मी घरी येऊन नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं.

रविवारी दुपारी मी सरांच्या घरी गेले. आहे त्यावर सही करा, हात जोडते, एवढं सांगायला. घर कसबा बावड्यात. कारखान्याचा हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि हवेत मळीचा गोडसर वास. सर गावी शेतावर गेले होते. त्यांच्या पत्नी, काकू, एकट्याच घरात. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, आणि दिवाणावरच्या चादरीचे कोपरे हॉस्पिटलसारखे दुमडलेले. त्यांनी ताक दिलं. दुसऱ्या घोटाला मी रडायला लागले. सगळं सांगितलं. वॉर्ड, फोटो, तारीख, वेणी. आणि सांगण्याच्या भरात म्हणून गेले, "काकू, तुम्हाला चांगली झोप लागते ना, म्हणून सरांना कळत नाही बाकीच्यांचं."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

"कोण म्हणालं मला चांगली झोप लागती?"

"सर म्हणाले."

"व्हय. त्यास्नी मीच सांगितलंय."

मग त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि शेंगा सोलत सांगायला लागल्या. "लग्न झालं तवा मला नाइट लागायच्या. सकाळी येऊन पडलं तरी डोळ्याला डोळा न्हाय. सुट्टीच्या रात्री बी तसंच. हे विचारायचे, मी खरं सांगायची. मग हे माझ्यासंगं जागं. मी कूस बदलली की दिवा लावून बसायचे. पाणी देऊ का, पाय चेपू का, वाचून दाखवू का. दिवसा कॉलेजात फळ्यावर आकडं चुकाय लागलं, पोरं हसाय लागली. नवीन नोकरी हुती. मग एक दिवस सकाळी मी सांगितलं, लागली झोप. त्या रात्री हे इतकं निवांत झोपले, की मी त्यांच्या तोंडाकडं बघतच बसले. तवापास्नं मला रोज झोप लागती."

"आणि आता? आता तर नोकरी नाही."

"नोकरी सुटली. झोप काय परत आली न्हाय."

"मग आता तरी सांगा की त्यांना."

"घरात एकानं तरी झोपाय पायजे की, बाळ," काकू म्हणाल्या. शेंगांची टरफलं त्यांनी पदरात गोळा केली. "तू बी सांगू नकोस."

मी कबूल केलं आणि सरांची वाट न बघता परत आले. बसमध्ये मला भीती वाटत होती. इतकी वर्षं रोज सकाळी तेच उत्तर, एका अक्षराचा फरक नाही. माझ्या पद्धतीनं तपासलं तर त्याला उत्तम म्हणावं लागलं असतं. आणि माझ्या पिशवीत तसल्याच उत्तरांचा गठ्ठा होता, वर माझं नाव घालून छापायला निघालेला. वेणी मला अजूनही हवी होती, फार हवी होती. पण सोमवारी सकाळी मी नव्या प्रती काढायला टाकल्या.

ह्या खेपेला वॉर्डात कागद वाटले नाहीत. एकेकीला कँटीनमध्ये बोलवायचं, चहा सांगायचा, कागद द्यायचा आणि आपण उठून लांब जाऊन बसायचं. ही सरांची सूचना. पंधरवड्यानं परत तसंच. फोटो नाही, गोळा करायला कुणी मधे नाही. इनचार्ज सिस्टर सगळ्यांच्या शेवटी आल्या. बराच वेळ पेन हातात धरून बसल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "खरं लिवायचं म्हंजे किती खरं?" मी म्हटलं, जमेल तेवढं. त्यांचा चहा गार झाला, मी दुसरा सांगितला, तोही गार झाला.

उत्तरं आली ती पहिल्यासारखी चकचकीत नव्हती. कुणी वर गेलं होतं, कुणी खाली. पण एकंदरीत जुळत होती, आणि प्रश्नावलीला भरवशाची म्हणण्याइतकी जुळत होती. सर आकडे बघून म्हणाले, "आता ह्या बाया वाटत्यात." मी दिवसरात्र एक करून लिहून काढलं आणि बांधून आणलं ते नेमकं शेवटच्या दिवशी. संध्याकाळी ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आत सरांची सही घेऊन प्रती आत गेल्या की माझी पावती माझ्या हातात.

सर वाचल्याशिवाय सही करत नसत. मी समोर बसले, ते पान पान करत निघाले. अर्ध्यापुढे एक तक्ता होता. त्यात मी सिस्टरांना नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावलं होतं, वर नव्या, खाली जुन्या. जसजसं खाली यावं तसतशी झोप वाईट होत गेली होती. सरांची पेन्सिल खालच्या ओळींवर थांबली.

"ह्या थोरल्या सिस्टर. ह्यांच्या नाइट बंद होऊन वर्षं झाली असतील न्हवं?"

"हो सर."

"तरी न्हाय लागत?"

"नाही लागत, सर."

त्याच्या शेजारी आणखी एक रकाना होता. तुमच्या झोपेचा त्रास घरातल्यांना कळतो का, असा प्रश्न होता. खालच्या बहुतेक सगळ्यांनी लिहिलं होतं, नाही. सरांनी तो रकाना वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. मी काही बोलले नाही, काकूंना मी शब्द दिला होता. बोलायची गरजही नव्हती. सरांचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. मला त्यांची फार दया आली, आणि काकूंचीही, आणि त्यांनी त्या वेळी माझ्याकडे बघू नये असं वाटत होतं.

त्यांनी थिसिस मिटला. पिशवी उचलली. "अक्का, मी जरा घरला जातो. उरलेलं उद्या वाचू."

उद्या. ते तारीख विसरले होते. सर, आज शेवटचा दिवस आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ते थांबले असते, खुर्चीत परत बसले असते, सगळं नीट वाचून सह्या केल्या असत्या, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या मनात जे उठलं होतं ते कदाचित खालीही बसलं असतं. शब्द माझ्या तोंडात तयार होते. मुलीची सैल वेणी डोळ्यांपुढे आली.

"सावकाश जावा, सर," मी म्हटलं.

ती जागा त्या वर्षी सांगलीकडच्या एका मुलीला मिळाली. मी वॉर्डात परत गेले आणि आणखी वर्षभर नाइट केल्या. पुढच्या वर्षी दुसरी जागा निघाली तेव्हा कुठे ट्यूटर झाले. तोवर मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली होती. तारखेचं सरांना ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं. त्यानंतर बरेच दिवस मी समोर आले की ते चष्मा पुसत बसायचे. त्यांनी माझी कधी माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मला ते सोसलं नसतं.

पण हे सगळं पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेले तर सर माझ्या आधी येऊन बसले होते. दाढी केलेली नव्हती, डोळे लाल. थिसिस समोर उघडा होता. मी विचारलं, "सर, बरं नाही का?"

"काल आम्ही दोघंबी झोपलो न्हाय," सर म्हणाले. "बोलतच बसलतो."

मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.